मे महिन्यातला फुल शर्ट

नोकरीचा पहिला इंटरव्ह्यू पोराचा असतो, तयारी मात्र अख्खं घर करतं. माझा भाचा यंदा इंजिनिअर होऊन राहिला आणि नागपूरच्या मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगनगरीतल्या, एका कंपनीनं त्याला बोलावलंय. झालं! ताईनं फाईल ताब्यात घेतली, भाऊजींनी वेळापत्रक, आणि कोणी न सांगता आजोबांनी मुलाखत घ्यायचं काम.

फाईल बघण्यासारखी आहे. निळं प्लास्टिकचं कव्हर. आत दहावीपासूनच्या मार्कशीट, टीसी, डोमिसाइल, प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स, आणि सगळ्यांत खाली एलिमेंटरी ड्रॉइंगचं सर्टिफिकेट. "हे काऊन ओ ताई?" म्हटलं, तर म्हणे, "असू दे, विचारलं तर?" आता कोणती सॉफ्टवेअर कंपनी पोराला मोर काढायला लावणार आहे?

त्या जाडजूड फाईलीपेक्षा मला त्याच्या रेझ्युमेच्या एका पानाची जास्त काळजी. त्यात लिहिलेलं काहीही विचारतात. खाली 'छंद : वाचन' होतं. मी सहज म्हटलं, "शेवटचं काय वाचलंस?" तो पंख्याकडे बघायला लागला. छंद तिथल्या तिथे खोडला आम्ही.

कपड्यांवरून मात्र दोन तट पडले. बर्डीच्या बाजारातून ब्लेझर आणायचा, असं ताईचं मत. नागपुरात, मे महिन्यात! २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ वर गेला होता, हे भाऊजींनी तारखेसकट सुनावलं तेव्हा ब्लेझर मागे पडला. फिका निळा सुती फुल शर्ट ठरला, गळ्यात दुपट्टा, तो गेटवर काढून बॅगेत टाकायचा. भाऊजी तर रविवारी खापरीपर्यंत मेट्रोनं जाऊन, पुढचा रस्ता ऑटोनं पाहूनही आले. मिहानच्या आतली अंतरं दुपारी पायी जायची नाहीत, एवढं त्यांनी पक्कं सांगितलं. सगळ्या तयारीत ही एक गोष्ट मला खरंच कामाची वाटली.

संध्याकाळी कूलरपुढे आजोबांची मुलाखत. "हां, स्वतःबद्दल सांगा." भाच्यानं यूट्यूबवरचं इंग्रजी धाडधाड सुरू केलं: मेहनती आहे, टीम प्लेअर आहे, परफेक्शनिस्ट असणं हाच माझा दोष आहे. आजोबा म्हणाले, "हे तर शेजारचा बी म्हणंल. तू काय केलं?" बिचाऱ्याची तरी काय चूक? आमच्या महाल मोहल्ल्यात "कोणाचा रे तू?" विचारलं की बापाचं नाव आणि गल्ली सांगायची, ओळख संपली. स्वतःबद्दल दोन मिनिटं बोलायची वेळ येते कधी?

मग प्रोजेक्टवर गाडी आली. चौघांनी मिळून हॉस्टेलच्या मेससाठी अ‍ॅप केलं होतं. "आम्ही ना..." "आम्ही नाही, तू." तेव्हा कुठे तो मोकळा झाला. मेसला पनीर असलं की सगळी पोरं एकदम अ‍ॅपवर तुटून पडायची आणि अ‍ॅप बसायचं. कोणाची मागणी आधी आली, हे धरून एकेकाला रांगेत घ्यायची सोय यानं केली होती. हे सांगताना त्याचे हात हलत होते, मध्येच मराठी, मध्येच इंग्रजी, आणि "परफेक्शनिस्ट" एकदाही आलं नाही. मी म्हटलं, हेच सांग तिथे, याच्याहून जास्त काही नको.

"शेवटचा प्रश्न," आजोबा म्हणाले, "पगार किती देऊन राहिले?"

"साडेतीन लाख. वर्षाचे."

आजोबांनी पेपरच्या कोपऱ्यावर बारानं भागाकार केला, पुन्हा तपासला. "खोलीचं भाडं नाही, जेवण घरी, जायला मेट्रो," ते म्हणाले. "जमते. सोमवारपासून ये."