तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजूनही आर्ट फेअरला का जाते

मिशिगनमध्ये राहणारी, चाकावर भांडी करणारी बाई उन्हाळाभर मिनीव्हॅनमध्ये तंबू आणि खोकी कोंबून गावोगावच्या आर्ट फेअरला, म्हणजे कलाकार तंबू ठोकून आपल्या वस्तू विकतात त्या जत्रेला, का जाते? घरबसल्या ऑनलाइन का विकत नाही? कोल्हापूरहून मावशी हे विचारते, इथे गणपतीच्या जेवणात शेजारी बसलेलं कोणीही विचारतं. बाबांचा हात मोडल्यापासून त्यात भर पडली आहे: "एवढं झालं तरी जातेसच?" मावशीने विचारलं तेव्हा मी विषय बदलला. वहिनीवर चिडले. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सगळं नीट सांगते.

आधी पैशांचं, कारण तिथे मी काहीतरी लपवते असं बऱ्याच जणांना वाटतं. चांगल्या फेअरला नुसता अर्ज करायचा तर पंचवीस ते पन्नास डॉलर जातात. चार-पाच फोटो बघून परीक्षक निवड करतात, आणि नाव आलं नाही तर ते पैसे गेले. नाव आलं की दहा फूट बाय दहा फूट जागेचं भाडं काहीशे डॉलर, मोठ्या ठिकाणी हजाराच्या वर. मग पेट्रोल, मोटेल, बाहेरचं खाणं. एक शनिवार पावसात गेला की नफा गेलाच, कधी पदरचेही जातात. ऑनलाइनला यातलं काही नाही, हे मला कळतं. मी सांगलीला वालचंदमधून सिव्हिल केलं, इथे येऊन कित्येक वर्षं पुलांची गणितं केली. बेरीज-वजाबाकी मला येते.

पण फोटोत वजन दिसत नाही.

फोटोत ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, दिसतं, रंग दिसतो, मागची खिडकी आणि तिच्यातलं झाड दिसतं. बूड जड आहे का, काठ ओठाला कसा लागतो, चहा भरल्यावर तोल कुठे जातो, हे घेणाऱ्याला कळत नाही आणि मलाही कळत नाही. चाकावरचा ओला कप आणि भट्टीतून निघालेला कप या दोन वेगळ्या वस्तू असतात. वाळताना, पहिल्या भाजणीत आणि मग ग्लेझ लावून बाराशे अंश सेल्सिअसच्या वर शिजताना माझी माती साधारण बारा टक्क्यांनी आटते. कपाला तीन बोटांसाठी ओढलेल्या कानात शेवटी दोनच बोटं जातात.

मिल्वॉकीला तळ्याकाठी, आर्ट म्युझियमच्या आवारात एका जूनमध्ये फेअर भरलं होतं. तिथे एक आजोबा माझ्या फळीवरचा एकेक कप उचलून बघत होते. बोटांचे पेर सुजलेले, संधिवाताने वाकडे झालेले. ते कानाला हात लावत नव्हते. तळवा कपाभोवती गुंडाळायचे, अंगठा कानाच्या वरच्या सांध्यावर टेकवायचे, उचलायचे, खाली ठेवायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, बोट आत जातं, पण नंतर बाहेर निघत नाही. घरी आल्यावर मी कान बदलला. खाली उतरवला, आतून रुंद केला, वर अंगठ्यासाठी सपाट जागा ठेवली. आज माझ्या बहुतेक कपांना तोच कान आहे. ऑनलाइन घेतलेला कप त्यांनी कपाटात मागे सारला असता, किंवा त्यात पेनं ठेवली असती. मला कोण कळवणार होतं?

२०२० मधली मी मात्र तुमच्याच बाजूची होते, हेही सांगायला हवं. त्या वर्षी करोनामुळे मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावच्या मोठ्या फेअरसकट बहुतेक फेअर्स रद्द झाली. मी ऑनलाइन विकलं, आणि बरं विकलं. ऊन नाही, तंबू नाही, पाठ दुखत नाही. आता पुन्हा रस्त्यावर जाणे नाही, असं मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. त्या बाईला आज मी काय सांगू? तिचे सगळे मुद्दे खरे आहेत. फक्त त्या वर्षभरात फोटोत निळं उठून दिसतं म्हणून मी निळंच करत राहिले, आणि कोणी हातात घेऊन नाक मुरडत नव्हतं म्हणून माझी भांडी हळूहळू जड होत गेली. हे मला पुढच्या उन्हाळ्यात कळलं, एका बाईने वाडगा उचलला आणि एक शब्द न बोलता परत ठेवला तेव्हा.

मिनेसोटातले कुंभार वॉरन मॅकेन्झी इंग्लंडमध्ये नामवंत कुंभार बर्नार्ड लीच यांच्याकडे शिकून आले होते. मिनेसोटातल्या स्टिलवॉटर गावाजवळ घराच्या आवारात ते भांडी मांडून ठेवत. किंमत लावलेली असे. हवं ते घ्यायचं, पैसे टोपलीत टाकायचे, सुटे आपले आपण घ्यायचे. रोज वापरायचं भांडं रोज वापरणाऱ्याला परवडलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मग लोक ढिगाने उचलून ती भांडी चढ्या भावाने पुढे विकू लागले आणि त्यांना ते बंद करावं लागलं. २०१८ च्या अखेरीस, ९४ व्या वर्षी ते गेले. दर मे महिन्यात मदर्स डेच्या सुमारास तिथल्याच सेंट क्रॉय नदीच्या खोऱ्यातले कुंभार आपापली आवारं उघडी ठेवतात. शिकागो ओलांडून, अख्खं विस्कॉन्सिन कापून मी तिथे जाते, विकायला नाही, हात लावायला. फळ्यांवर शेकडो भांडी असतात आणि कोणी "जपून" म्हणत नाही. माझं पुढचं वर्ष कसं जाणार हे तिथे ठरतं.

आता बाबांचं.

फेअरचं आणि गावाचं नाव मी लिहिणार नाही. जुलैतला शनिवार होता. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच इकडे आले होते आणि घरात एकटं बसायला कंटाळले होते. "मी येतो तुझ्याबरोबर" हे त्यांचेच शब्द. त्यांची हयात बँकेत गेली. माझ्या स्टॉलवर त्यांनी पहिल्या तासाभरात गल्ला ताब्यात घेतला, वहीत मराठीत नोंदी सुरू केल्या, आणि कागदात कप गुंडाळण्याची माझी पद्धत मोडीत काढून आपली लावली. त्यांची चांगली होती. दुपारी उकाडा इतका वाढला की ते म्हणाले, "वळीव येणार बघ." कोल्हापुरात मे महिन्यात जशी हवा कोंडते तशीच कोंडली होती.

तीनच्या सुमारास आजूबाजूच्या फोनांवरची हवामानाची ॲप्स वाजू लागली. वादळाचा इशारा. ताशी ५८ मैल वारा किंवा इंचभर गारा असल्या की इथली हवामान सेवा तो देते. आयोजकांचा माणूस गोल्फ कार्टमधून फिरत सांगत होता, "अजून बंद करू नका, कळवतो." पश्चिमेला ढग पाटीसारखा काळा होता आणि त्याच्या पोटात हिरवट झाक होती. मी तंबूच्या गुंडाळलेल्या बाजू खाली सोडून त्यांची चेन लावायला घेतली. चारी पायांना चाळीस-चाळीस पौंडांची, सिमेंट भरलेल्या पाइपांची वजनं होती. नियमात तेवढीच लागतात. मी बाबांना म्हटलं, समोर लायब्ररी आहे, तिथे जाऊन बसा. ते म्हणाले, "मी गेलो तर हे कोण धरणार?"

पावसाआधी वारा आला. गणित सांगते, कारण ते मी नंतर कितीदा तरी केलं आहे. ताशी ५८ मैलांचा वारा तंबूच्या एका बंद बाजूवर सहाशे पौंडांच्या आसपास जोर लावतो. माझी सगळी वजनं मिळून एकशेसाठ. शेजारच्या चित्रकाराचा तंबू उचलला गेला आणि त्याचा पाय आमच्या कोपऱ्यावर आदळला. बाबांनी तोच कोपरा दोन्ही हातांनी धरला होता. वाडग्यांची फळी पुढे कलली आणि सगळी खाली गेली. फुटताना मी बघितली, पण आवाज ऐकू आला नाही, वारा एवढा मोठा होता. मी ओरडत होते, "बाबा, सोडा ते! सोडा!" त्यांनी सोडलं नाही. सांगाडा वर गेला, त्यांना टाचांवरून उचललं, आणि खाली आला तो त्यांच्या उजव्या मनगटावर.

मग पाऊस. लायब्ररीच्या पायऱ्यांवर ते बसले, चेहरा पांढरा, हात छातीशी. पहिला प्रश्न विचारला तो हा: "गल्ला घेतलास का?" मी घेतला नव्हता. भिजलेली वही मात्र त्यांनी डाव्या हाताने खिशात कोंबली होती.

इस्पितळात रात्र झाली. मनगटाजवळ हाड मोडलं होतं. प्लास्टर, मग महिनोन्महिने विमा कंपनीशी पत्रव्यवहार. फेअरचं भाडं परत मिळालं नाही, कारण हवामान आयोजकांच्या हातात नसतं असं करारात लिहिलेलं असतं. रात्री दादाचा फोन आला. "सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तू असल्या ठिकाणी नेलंसच कशाला?" मी म्हटलं, ते स्वतः आले. ते खरं आहे. मला ते तिथे हवे होते, हेही खरं आहे. आई गेल्यापासून आम्ही दोघं एवढं बोललो नव्हतो जेवढं त्या दिवशी कप गुंडाळताना बोललो.

ढग दिसला तेव्हाच सगळं टाकून निघायला हवं होतं, असं दादा अजून म्हणतो. ढग दिसला की निघायचं ठरवलं तर या भागात जून ते ऑगस्ट एकही फेअर व्हायचं नाही. आयोजक थांबा म्हणत होते, आजूबाजूचं कोणीही निघालं नव्हतं. हे मी त्याला दरवेळी सांगते. आणि दरवेळी सांगून झाल्यावर आठवतं की मी आधी तंबूच्या तीन बाजू बंद केल्या आणि मग बाबांकडे वळले. तो क्रम बरोबर होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. घरातल्या प्रत्येकाने ते माझ्यासाठी ठरवून टाकलं आहे, त्याचा मात्र मला राग येतो.

मावशी एकदा म्हणाली, "आपल्यात कोणी मडकी विकत फिरलंय का?" या वाक्याचं काय करायचं ते मला कळत नाही. कोल्हापुरात माठांचा धंदा उन्हाळ्यातच असतो, आणि त्याच महिन्यांत वळीव कच्च्या माठांवर येऊन पडतो. बाजारात माठ मांडून बसलेल्या कुंभारणीला कोणी विचारत नाही की बाई, तू इथे का बसलीस, घरी का नाही बसत. तिचं बसणं गरजेचं आणि माझं हौसेचं, असं मावशीच्या मनात आहे. ते खोटं नाही. माझ्यामागे नवऱ्याच्या नोकरीचा विमा आहे, पदवी आहे. तंबू उडाला तरी आमच्या घरची चूल विझत नाही. पण गरज नसेल तर काम मनापासून करू नये, असं कुठे आहे? हौस म्हटलं की एका वादळात सोडून द्यावी अशी सगळ्यांची अपेक्षा असते. बारा टक्के आटणाऱ्या मातीचा अंदाज बोटांत यायला माझं अर्धं आयुष्य गेलं. ती हौस नाही.

काय बदललं, तेही सांगते. वजनं दुप्पट केली, जमिनीत खुंट्या ठोकता येतात तिथे ठोकते. इशारा आला की आयोजक काहीही म्हणोत, माणसांनी निघायचं, भांडी फुटू द्यायची. एवढ्याने सगळं सुरक्षित झालं असं मी म्हणत नाही. दुप्पट वजनांचंही गणित मला येतं.

बाबांना उजव्या हाताने बरणीचं झाकण अजून फिरवता येत नाही. ते जूनमध्ये पुन्हा येताहेत. या वर्षी कुठली कुठली गावं आहेत, असं त्यांनी दोनदा विचारलं. ॲन आर्बरच्या यादीत माझं नाव आलंय हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी नवी वही घेतली आहे. दादा, हे तूही वाचशील. मी त्यांना हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तुझ्याशी बोलायचंय, पण आधी तू त्यांच्याशी बोल.