शिंपल्यातले गुलाबी धागे

मँचेस्टर विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कॅथलीन ड्रू यांनी १९२८ साली विवाह केला आणि विवाहित स्त्रियांना नोकरीवर न ठेवण्याच्या तेथील नियमापायी त्यांचा पगार थांबला (मँचेस्टरमध्येच शिकवणाऱ्या नवरदेवाचा मात्र चालू राहिला). संशोधन त्यांनी सोडले नाही. कालवांच्या शिंपल्यांत शिरून गुलाबी डाग उमटवणारे सूक्ष्म धागे तोवर निराळे शेवाळ मानले जात. ते पोर्फिरा या लाल समुद्रशेवाळाच्याच जीवनचक्रातील एक अवस्था असल्याचे त्यांनी १९४९ मध्ये ‘नेचर’मधून दाखवून दिले. सुशी या जपानी भाताच्या पदार्थाभोवती गुंडाळतात ती नोरी याच शेवाळाच्या जातभाईंची. बीज कोठून येते हेच ठाऊक नसल्याने दैवावर विसंबलेल्या जपानी शेतकऱ्यांना आता ते शिंपल्यांवर वाढवता येऊ लागले. जपानच्या कुमामोतो प्रांतातील उतो येथे १९६३ मध्ये ड्रू यांचे स्मारक उभारले गेले आणि दर १४ एप्रिलला तेथे त्यांना वंदन केले जाते. त्या स्वतः जपानला कधीच गेल्या नाहीत.