उंगेनीला चाकं बदलतात

बुखारेस्टहून संध्याकाळी सुटलेली आमची गाडी पहाटेच्या अंधारात मोल्दोव्हाच्या सीमेवरच्या उंगेनीला थांबली आणि डब्याला खालून हादरा बसला. खिडकीतून पाहिलं तर शेजारचा डबा हळूहळू वर चालला होता. बाजूंनी जॅक लावून, आत झोपलेल्या माणसांसकट, एकेक डबा उचलत होते. खालची चाकं ढकलत बाहेर काढली आणि दुसरी आणून बसवली. रोमानियात दोन रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर. प्रूत नदी ओलांडून मोल्दोव्हात आलं की १,५२०. फरक साडेआठ सेंटिमीटरचा, आणि त्यापायी जवळजवळ दोन तास.

मी मिरजेची. वडील रेल्वेत होते. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइटची नॅरोगेज, तिन्ही गाड्या एकाच स्टेशनात बघत वाढले. आमच्याकडे गेज बदललं की माणसं उतरायची आणि हमाल ट्रंका डोक्यावर घेऊन दुसऱ्या फलाटाकडे पळायचे. इथे कुणी जागचं हललंसुद्धा नाही. समोरच्या बर्थवरची बाई हादऱ्यात एकदा कूस बदलून पुन्हा झोपली.

या गाडीचं नाव ‘प्रिएतेनिया’, म्हणजे मैत्री. १८१२ साली रशियन साम्राज्यानं प्रूतच्या पूर्वेचा हा मुलूख घेतला. पुढे रेल्वे आली ती रशियन मापाची. १९१८ ते १९४० हा भाग रोमानियात होता, मग सोव्हिएत संघात, आणि २७ ऑगस्ट १९९१ पासून स्वतंत्र. राज्यशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली, पण सीमेचा इतिहास पाठीच्या मणक्याला जाणवतो तो असा पहिल्यांदाच.

मी गेले ती भाच्याला भेटायला. तो राजधानी किशिनावच्या वैद्यकीय विद्यापीठात शिकतो. आपल्याकडची बरीच मुलं तिथे आहेत. तारीख मात्र मी मुद्दाम निवडली. २० ऑक्टोबर २०२४ ला मोल्दोव्हात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि त्याच दिवशी सार्वमतही: युरोपीय संघात जाण्याचं उद्दिष्ट राज्यघटनेत लिहायचं की नाही? पंचवीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश, एका बाजूला रोमानिया, दुसऱ्या बाजूला युद्धात होरपळणारा युक्रेन. असा देश कोणत्या दाराकडे तोंड करून बसायचं हे मतपेटीत ठरवणार होता. ते मला जवळून पाहायचं होतं.

भाचा एका रशियन बोलणाऱ्या आजींच्या घरात खोली घेऊन राहतो. आजींची मुलगी इटलीत पादोव्हाला, एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करते. बहीण नीस्तर नदीपलीकडे तिरास्पोलला. म्हणजे एक जीव युरोपात आणि दुसरा ट्रान्सनिस्ट्रियात. १९९२ च्या लढाईनंतर ट्रान्सनिस्ट्रिया किशिनावच्या ताब्यात नाही. तिथे आजही सुमारे दीड हजार रशियन सैनिक आहेत आणि चलनही वेगळं आहे. कागदोपत्री मात्र तो मोल्दोव्हाच.

पहिल्याच संध्याकाळी आजींनी स्वयंपाकघराच्या खणातून बिलांची चळत काढून माझ्यापुढे ठेवली. भाचा मधे बसून भाषांतर करत होता. रशियाशी भांडण म्हणजे काय हे त्यांना या कागदांवरून कळतं. २०२१ पर्यंत मोल्दोव्हाचा सगळा गॅस गाझप्रोम या एकट्या रशियन सरकारी कंपनीकडून यायचा. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पुरवठा आटला, सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. २०२२ मध्ये महागाई तीस टक्क्यांच्या वर गेली. मग देशानं युरोपच्या बाजारातून गॅस घेतला, रोमानियातल्या याशपासून किशिनावपर्यंतची पाइपलाइन कामी आली. आज प्रूत ते नीस्तर या पट्ट्याला गाझप्रोमची गरज नाही. हे मोठं काम आहे आणि राष्ट्राध्यक्ष माइया सांदू यांच्या राजवटीला त्याचं श्रेय द्यायला हवं. पण आजींचं पेन्शन तेवढंच राहिलं. त्या हिवाळ्यात त्यांनी एक खोली बंद करून ठेवली होती. ‘युरोप वाईट नाही, पण त्याची किंमत माझ्या खणात आहे,’ असं काहीसं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं क्रिकोव्हाची तळघरं दाखवली. चुनखडीच्या खाणींतले बोगदे, शंभराहून अधिक किलोमीटर लांब, आत रस्त्यांना वाईनची नावं. तासगावच्या द्राक्षबागा माझ्या ओळखीच्या आहेत, म्हणून मी वेलींचं, औषध-फवारणीचं विचारत राहिले आणि गोष्ट पुन्हा राजकारणावर आली. एके काळी इथली बहुतेक वाईन रशियात जायची. २००६ मध्ये मॉस्कोनं ती बंद केली. २०१३ मध्ये, युरोपीय संघाशी करार जवळ येताच, पुन्हा बंद केली. २०१४ च्या जूनमध्ये करारावर सह्या झाल्या आणि जुलैत सफरचंद-प्लमवर बंदी आली. दर वेळी कारण आरोग्याचं. परदेशात अडलेला माल कुजताना बघणं म्हणजे काय, हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. युरोपनं मग आपली बाजारपेठ खुली केली आणि आता या देशाची निर्यात मुख्यतः तिकडेच जाते. दार एकीकडे बंद झालं म्हणून दुसरीकडे उघडावं लागलं. मॉस्कोनं हे स्वतःच्या हातानं केलं, असं माझं मत आहे.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी कोमरातला गेले. किशिनावपासून दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटर, ‘मार्श्रुत्का’ म्हणतात त्या खचाखच भरलेल्या मिनीबसनं. हे गागाऊझ लोकांच्या स्वायत्त प्रदेशाचं मुख्य गाव. मूळ भाषा तुर्की कुळातली, धर्मानं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, आणि घरात-बाजारात बोलतात बहुतेक रशियन. गावात लेनिनचा पुतळा अजून उभा आहे. बाजारात लोणच्याच्या बरण्या विकणाऱ्या एका म्हातारीशी मी खाणाखुणांनी बोलत होते, तेवढ्यात तिनं ‘पाझार’ म्हटलं, मग आकाशाकडे बोट दाखवून ‘हावा’ आणि माझ्या हातातल्या वडीला ‘साबुन’. बाजार, हवा, साबण! मी तिला आपले शब्द ऐकवले. तिनं शेजारणीला हाक मारून आणलं आणि मला ते तिघींपुढे पुन्हा म्हणायला लावले. एवढ्या दूरच्या गावात तीन शब्दांनी मी पाहुणी झाले.

तिचा मुलगा मॉस्कोत बांधकामावर आहे. नातवंडं रशियन शाळेत शिकली. टीव्हीवर, फोनवर जे येतं ते रशियनमध्ये. ब्रसेल्सनं, म्हणजे युरोपीय संघानं, तिच्या गावात रस्ता केला तरी ती बातमी तिच्या भाषेत तिच्यापर्यंत येत नाही. २०१४ मध्ये या प्रदेशानं स्वतःचं सार्वमत घेतलं होतं, तेव्हा अठ्ठ्याण्णव टक्के लोकांनी रशियाच्या जकात संघाला कौल दिला. प्रदेशाच्या तेव्हाच्या प्रमुख, ‘बाश्कान’ येवगेनिया गुत्सूल, २०२४ च्या मार्चमध्ये थेट पुतिन यांना भेटून आल्या. युरोपवाल्या पक्षांनी या माणसांना फार काळ वाऱ्यावर सोडलं, असं मला तिथे उभं राहून वाटलं. रागानं म्हणत नाही, पण हे म्हटलंच पाहिजे.

आणि पैसा. २०१४ मध्ये मोल्दोव्हाच्या तीन बँकांमधून सुमारे शंभर कोटी डॉलर गायब झाले. त्या प्रकरणात दोषी ठरलेला इलान शोर देशाबाहेर आहे, त्याला २०२३ मध्ये पंधरा वर्षांची शिक्षा झाली. पोलिसांनी जाहीर केलं की या निवडणुकीआधी एकट्या सप्टेंबरात त्याच्या जाळ्यातून दीड कोटी डॉलर सव्वा लाखाहून अधिक लोकांच्या खात्यात रशियन बँकेमार्फत आले. शोरनं आरोप नाकारले. मत विकत घेणं मी आपल्याकडेही पाहिलं आहे आणि त्याची चीड माझ्या मनातून कधी गेली नाही. पण परक्या देशातून, ॲपवर, खात्यात? ज्या माणसाला बिल भरायला पैसे नाहीत त्याच्याच मताला गिऱ्हाईक येतं.

रविवारी सकाळी आजींबरोबर शाळेतल्या केंद्रापर्यंत गेले. मी फाटकाबाहेर उभी. आत जाणाऱ्या म्हाताऱ्यांनी चांगले कोट घातले होते. आजींनी बाहेर आल्यावर लपवाछपवी केली नाही: सार्वमताला ‘नाही’, आणि अध्यक्षपदासाठी अलेक्सांद्र स्तोयानोग्लो. हे पूर्वीचे महाअभियोक्ता, स्वतः गागाऊझ, समाजवादी पक्षानं उभे केलेले. त्यांचं म्हणणं, युरोप हवाच, पण रशियाशीही बोलायला हवं, गॅस स्वस्त मिळायला हवा. आजींना ते पटलं होतं. दुपारी पादोव्हाहून मुलीचा फोन आला. ती मतदानासाठी रांगेत उभी होती. आईचं मत ऐकून ती फोनवरच ओरडली. आजींनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि बटाटे सोलायला घेतले.

रात्री नऊला मतदान संपलं. आकडे येऊ लागले आणि भाच्याचा चेहरा पडला. ‘नाही’ पुढे होतं, चांगलंच पुढे. मध्यरात्रीच्या सुमारास सांदू पडद्यावर आल्या आणि गुन्हेगारी टोळ्यांनी परकीय शक्तींच्या साथीनं लाखो मतं विकत घ्यायचा घाट घातला असं म्हणाल्या. आजी केव्हाच झोपल्या होत्या. आम्ही दोघं स्वयंपाकघरात चहा करत जागलो. पहाटे परदेशातल्या केंद्रांची मतं मोजायला लागली तशी रेघ सरकू लागली. इटली, जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन. सकाळपर्यंत ‘होय’ पुढे गेलं. अंतिम आकडा ५०.३५ टक्के. फरक दहा-साडेदहा हजार मतांचा! मिरजेच्या दोन-तीन वॉर्डांत मावतील एवढे लोक. गागाऊझियात ‘होय’ म्हणणारे शंभरात पाच होते.

अध्यक्षपदाची मात्र दुसरी फेरी लागली. सांदू ४२ टक्क्यांवर, स्तोयानोग्लो २६ च्या आसपास.

गाडीत परतताना सहप्रवासी विचारत होता, अध्यक्ष बदलला तर खरंच काय बदलेल? मोल्दोव्हात रोजचा कारभार पंतप्रधान आणि १०१ जणांच्या संसदेच्या हातात असतो. तरी अध्यक्ष देशाचा चेहरा असतो, परराष्ट्र धोरणात त्याचा शब्द चालतो. २०१६ मध्ये निवडून आलेले इगोर दोदोन पहिल्या परदेश दौऱ्यावर मॉस्कोला गेले आणि २०१८ मध्ये त्यांनी रशियाच्या पुढाकारातल्या युरेशियन आर्थिक संघात देशाला निरीक्षकाचा दर्जा मिळवला, तेही सरकार युरोपच्या बाजूचं असताना. मंत्र्यांच्या नेमणुका त्यांनी अडवल्या की घटना न्यायालय त्यांचे अधिकार तात्पुरते बाजूला ठेवायचं. चार वर्षांतला बराच काळ एकाच देशानं दोन आवाजांत बोलण्यात गेला. २०२० मध्ये सांदू आल्या, २०२२ च्या जूनमध्ये युरोपीय संघाच्या उमेदवार देशाचा दर्जा मिळाला, २०२४ च्या जूनमध्ये प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. उलट्या दिशेचा अध्यक्ष या वाटाघाटी एका सहीनं मोडू शकला नसता. पण त्या खोळंबल्या असत्या, आणि शेजारी युद्ध चालू असताना खोळंबणं म्हणजे मॉस्कोला वेळ मिळणं. म्हणूनच दुसऱ्या फेरीसाठी माझा जीव टांगणीला होता.

३ नोव्हेंबरला भाऊबीज होती. भाऊ जेवून गेला, ओवाळणीचं ताट तसंच टेबलावर, आणि मी मध्यरात्र उलटून गेल्यावरही फोन हातात घेऊन बसले. तिकडे मतदान संपलं तेव्हा आपल्याकडे साडेबारा झाले होते. देशातल्या मतपेट्यांमध्ये स्तोयानोग्लो पुढे होते, ५१ टक्क्यांहून थोडे वर. पुन्हा परदेशातल्यांनीच पारडं फिरवलं. तीन लाखांवर मतं, त्यातली दर पाचांपैकी चारांहून जास्त सांदू यांना. एकूण ५५.३५ टक्के. मला आनंद झाला, खरा आनंद. आणि लगेच आजी आठवल्या. पादोव्हाच्या रांगेतल्या मुलीनं किशिनावच्या आईचा निर्णय फिरवला होता. दोघींनाही मताचा सारखाच हक्क. पण हिवाळा आईच्या वाट्याला येणार होता.

तो आला. १ जानेवारी २०२५ ला युक्रेनमार्गे येणारा रशियन गॅस थांबला. ट्रान्सनिस्ट्रियाला तो आजवर जवळजवळ फुकट मिळत होता आणि त्याच गॅसवर तिथलं वीजकेंद्र मोल्दोव्हाला लागणारी बरीचशी वीज द्यायचं. दुसऱ्या मार्गानं गॅस पाठवणं शक्य होतं, पण गाझप्रोमनं थकबाकीचं कारण पुढे करून तो पाठवला नाही. पहिला फटका बसला तो रशियाकडे तोंड करून बसलेल्या तिरास्पोललाच. घरं थंड पडली, वीज तासातासानं जाऊ लागली. किशिनावला वीज महागली, पण दिवे चालू राहिले.

परवा भाच्याचा फोन आला. ‘मावशी, आजींची बहीण आली आहे तिरास्पोलहून. दोन पिशव्या आणि टोमॅटोच्या लोणच्याच्या चार बरण्या.’ ती बंद ठेवलेली खोली आजींनी उघडली. पादोव्हाहून मुलीनं जानेवारीच्या बिलाचे पैसे पाठवले, आणि या वेळी आजींनी ते परत केले नाहीत. बहिणी दिवसभर स्वयंपाकघरात असतात. रात्री रेडिओ कुठला लावायचा यावरून थोडी वादावादी होते, मग भाचाच तो बंद करतो, कारण त्याची परीक्षा जवळ आली आहे.