होम स्टडी झाली, पण रिपोर्ट काही चढेना

दत्तकासाठी नाव नोंदवलंय म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न, होम स्टडीत, म्हणजे सोशल वर्कर घरी येऊन चौकशी करतात त्यात, काय काय बघतात गं? मला विचाराल तर भेटीला अजिबात घाबरू नका, भेटीनंतरच्या रिपोर्टला घाबरा.

काराच्या, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या, पोर्टलवर फॉर्म, पॅन, लग्नाचा दाखला, डॉक्टरांचं सर्टिफिकेट वगैरे पटापट झालं. जवळची संस्था निवडली, होम स्टडीचे ६,००० भरले, सोशल वर्कर मॅडम आल्या. सासूबाईंनी सकाळपासून घर घासूनपुसून ठेवलेलं, कांदेपोहेही केलेले, थेट बघण्याचा कार्यक्रम! पण मॅडमनी ना फरशी बघितली ना शोकेस. आधी दोघांशी एकत्र बोलल्या, मग वेगवेगळं. मूल होत नाही याचं दुःख कितपत उरलंय, भांडण झालं की आधी कोण बोलतं, दत्तक आहे हे मुलाला कधी सांगणार. सासूबाईंनाही विचारलं, त्या म्हणाल्या, "घरात आलं की आमचंच." जाताना मॅडम म्हणाल्या, आठवड्याभरात अपलोड करते.

आणि मग लॉगिन करावं तर पेंडिंग. फोन केला की "मॅडम व्हिजिटला गेल्यात", मग "सर्व्हर डाऊन आहे", मग "तुमचा उत्पन्नाचा कागद जुना आहे", तोही नवा नेऊन दिला, त्यानंतर सगळं सामसूम. शेवटी सुट्टी टाकून ऑफिसातच जाऊन बसले तेव्हा कळलं की त्या मॅडम नोकरी सोडून गेल्या, टिपणं त्यांच्या वहीत, आणि वही कुठे ते कुणालाच माहीत नाही. क्लार्कने कपाटातून आमची फाईल काढली, आत फॅमिली फोटो, सर्टिफिकेट, आणि होम स्टडीचा फॉर्म कोरा. कोरा! ज्या गोष्टी मी सख्ख्या बहिणीला सांगितल्या नव्हत्या त्या सांगून झालेल्या, आणि कागदावर फक्त आमची नावं. नवीन मॅडम जॉइन झाल्या की परत व्हिजिट लावू म्हणे. कधी? "बघू."

दत्तक नियमावली २०२२ प्रमाणे कागदपत्रं दिल्यापासून ६० दिवसांत हा रिपोर्ट पूर्ण व्हायला हवा. पण तोंडी सांगून कोण ऐकतंय. मी तारीखवार चार ओळींचा ईमेल केला, संस्थेला, आणि कॉपी जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि साराला, म्हणजे राज्याच्या दत्तक कार्यालयाला. नवरा नकोच म्हणत होता, चिडले तर रिपोर्ट वाईट लिहितील म्हणून. तसं काही झालं नाही, उलट त्याच आठवड्यात संस्थेचा स्वतःहून फोन. फोनवर फोन करण्यात घालवला तेवढा वेळ घालवू नका, सरळ लिहून पाठवा.

नवीन मॅडम कडक होत्या. बाथरूमची कडी बाहेरून उघडते का तेही बघितलं. मग नवऱ्याला विचारलं, पंधरा वर्षांचं मूल म्हणालं तुम्ही माझे खरे बाबा नाही, तर काय कराल? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "वाईट वाटेल, पण दुसऱ्या दिवशीचा डबा मीच भरणार." मॅडमनी ते आमच्यासमोर फॉर्मवर जसंच्या तसं लिहिलं. खरं सांगू, मला या मॅडमच जास्त पटल्या.

हो, एक राहिलंच, रिपोर्ट रखडला म्हणून यादीतला नंबर मागे जात नाही, तो नोंदणीवरून लागतो, पण रिपोर्ट चढल्याशिवाय मूल रेफर होत नाही, म्हणजे सुचवलं जात नाही. आणि रिपोर्ट आला की स्वतः वाचा, तो पालकांना दाखवायचा असतोच. आमच्यात उत्पन्नातलं एक शून्य गायब होतं, ते दुरुस्त करून घेतलं. मूल आल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी भेटी असतात, त्याचं मला आता काही वाटत नाही.

रिपोर्ट तीन वर्षं चालतो. हल्लीची वेटिंग बघता आमचा बहुतेक परत रिन्यू करावाच लागेल, आणि त्या वेळी पहिल्या फोनच्या आधी ईमेल जाणार.