नांदूरमध्यमेश्वर: यंदाचा हिवाळा बदकांच्या माद्यांसाठी

यंदा पक्ष्यांची यादी वाढवायची नाही, बदकांच्या माद्या ओळखायला शिकायचं, असं हंगामाआधीच ठरवलं होतं. नर आपल्या सगळ्यांनाच ओळखता येतात. थापट्याचं हिरवं डोकं, तलवार बदकाची लांब शेपटी, गार्गनीची पांढरी भुवई. माद्या मात्र सगळ्या तपकिरी, ठिपक्याठिपक्यांच्या, आणि नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावरून पाहिल्या तर हमखास लांब.

ऑक्टोबरमध्ये तर नरही तसेच दिसतात. विणीनंतर बदकांची उडायची पिसं एकदम गळतात आणि काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. त्या दिवसांत नर भडक रंग टाकून मादीसारखा होतो, आणि आपल्याकडे उतरतात तेव्हा बरेच नर अजून त्याच वेषात असतात. म्हणून ऑक्टोबरच्या नोंदीत 'सगळ्या माद्या' दिसल्या की मी ती नोंद बाजूला ठेवतो. पंखावरची नक्षी मात्र या वेषातही बदलत नाही. यंदाचा सगळा अभ्यास इथूनच सुरू झाला.

रंगावर विसंबणं सोडलं. आता आधी चोच, मग चेहरा आणि मान, मग पाण्यावर बसायची ढब. थापट्याच्या मादीला फावड्यासारखी रुंद चोचच पुरते. मलिन बदकाच्या मादीच्या चोचीच्या कडा नारिंगी असतात. तलवार बदकाच्या मादीची चोच राखाडी, मान लांब नि सडपातळ, चेहरा अगदी साधा. गार्गनीच्या चेहऱ्यावर पट्टे ठळक असतात आणि चोचीच्या बुडाशी फिकट ठिपका असतो. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्यामानाने कोरा, पण शेपटीच्या बुडाशी फिकट रेघ दिसते. ही रेघ मला ८ बाय ४२ च्या दुर्बिणीतून फक्त सकाळच्या तिरप्या उन्हात दिसली. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि स्कोपमधूनही काही कळत नाही. निफाडची थंडी कितीही बोचरी असली तरी उजाडताना मनोऱ्यावर असायलाच हवं.

खरी शिकवणी मार्श हॅरियर या शिकारी पक्ष्याने घेतली. तो पाणवेलींवरून कमी उंचीवर घिरट्या घालत आला की सगळा थवा उठतो. दगड मारून किंवा ओरडून पक्षी उठवणारे लोक दिसले की जीव तुटतो; त्या बदकांनी हिमालय ओलांडून यायचं आणि इथे पोटभर खाऊही द्यायचं नाही का? हॅरियरची वाट पाहावी. मलिन बदकाच्या पंखावरचा पांढरा चौकोन तेव्हा लांबूनही चमकतो. उठण्याची तऱ्हाही पाहा: उथळ पाण्यात शेपटी वर करून चरणारी ही बदकं जागेवरून सरळ वर उडतात, तर बुडी मारणारं लालसरी बदक आणि वारकरी हा काळा पाणपक्षी पाण्यावर धावत जाऊन मग उठतात.

उथळपणा हेच या जागेचं धन आहे. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळ ब्रिटिशकाळात बंधारा झाला, गाळ साचत गेला, बेटं आणि दलदल तयार झाली. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० मध्ये जाहीर झालं ते हेच. मात्र वरच्या धरणांतून पाणी सुटलं की पातळी चढते आणि चरणारी बदकं काठाकडे सरकतात किंवा दुसरीकडे जातात. म्हणून निघण्याआधी गावातल्या गाईडला फोन करून पाण्याची चौकशी करतो. पाणी कुठवर आहे आणि थवे कुठे बसलेत, हे त्यांना रोजचं ठाऊक असतं.

बसलेली गार्गनी आणि चक्रांग आता खात्रीने वेगळी सांगता येतात. उडताना अजून अडतं. गार्गनीच्या मादीत पंखाच्या हिरवट पट्ट्यामागची पांढरी कड रुंद असते, चक्रांगात पुढची. दोन्ही इतक्या वेगाने वळतात की कड दिसेपर्यंत थवा खाली उतरलेला असतो. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला मी याच दोघींच्या थव्यांकडे बसणार आहे. शेजारी दुसरी दुर्बीण असेल तर दोघांनी एकाच पक्ष्यावर नजर ठेवून पडताळून पाहता येईल. कोणी येणार असाल तर उजाडायच्या आत पोहोचा.