डाव्या हाताचा आठवा महिना

मागच्या नोंदीत लेकीने पियानोवर उजव्या हाताने बसवलेल्या पाच-सहा गाण्यांचं कौतुक केलं होतं. आता गाडी डाव्या हातावर अडलीय. नवीन वाचणाऱ्यांसाठी: लेक साडेसहा वर्षांची, पियानो 88 पट्ट्यांचा डिजिटल, क्लास गंगापूर रोडला आठवड्यातून एकदा अर्धा तास. उरलेले सहा दिवस शेजारी बसायला मी, आणि मला स्वतःला पियानो येत नाही.

आमच्या घरात सूर आले ते आईच्या पेटीतून, आणि पेटीत डावा हात भात्याचा. त्यामुळे लेकीचा डावा हात मांडीवर पडून राहतोय याचं कुणाला काही वाटलंच नाही. पहिले चार महिने 61 पट्ट्यांच्या हलक्या कीबोर्डवर निघाले. पियानोच्या वजनदार, जोर लावून दाबाव्या लागणाऱ्या पट्ट्या आल्यावर खरं चित्र दिसलं: डावी करंगळी टोकाशी आत मोडते, मनगट खाली बसतं आणि मग ती अख्खा हातच आपटते.

मी सराव वाढवला. क्लासच्या बाईंनी मात्र एकदाच बघून विचारलं, "पाय कुठे टेकतात हिचे?" टेकतच नव्हते. आता स्वयंपाकघरातले दोन पाट पायाखाली, खुर्चीवर जाड उशी, कोपर पट्ट्यांच्या पातळीला. मनगट आठवड्यात सावरलं. करंगळी अजून मोडते. (पाट जेवणाच्या वेळी परत न्यावे लागतात, ही आईची अट.)

दुसरी चूक जास्त महागात पडली. मेट्रोनोम (टक-टक करत लय धरणारं यंत्र) मिनिटाला 72 ठोक्यांवर लावून दोन्ही हात एकदम वाजवायला लावले. तीनदा चुकली, तीनदा मी "पुन्हा" म्हणालो. चौथ्यांदा ती उठून आजीकडे गेली, ती दोन दिवस फिरकलीच नाही.

बाईंनी सुचवलेला उपाय असा: दोन्ही अंगठे मधल्या सीवर (पियानोच्या मध्याजवळची 'सी' स्वराची पांढरी पट्टी) ठेवायचे आणि हात एकमेकांपासून लांब न्यायचे. दोन्हीकडे बोटं तीच, 1-2-3-4-5 (अंगठा 1, करंगळी 5). हात एकाच दिशेने गेले की उजवा 1-2-3 म्हणतो तेव्हा डाव्याला 5-4-3 म्हणावं लागतं, गोंधळ तिथेच होतो. लेक या प्रकाराला "दार उघडणं" म्हणते. मेट्रोनोम सध्या कपाटात.

मध्येच लेकीचा एक प्रश्न आला: बाईंचा सी पांढऱ्या पट्टीवर, मग आजीचा सा काळी चारवर (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर) का? मी समजावायला लागलो, तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, गळा जिथे बसेल तिथे सा." माझं व्याख्यान टळलं.

शनिवारी संध्याकाळी लाइट गेली. पियानो मुका, पण ही वाजवतच राहिली. अंधारात नुसता पट्ट्यांचा ठक-ठक आवाज, आणि पहिल्यांदाच मला ऐकू आलं की डावा हात दर वेळी किंचित मागे पडतोय. सुरांच्या गोडव्यात ते लपून जायचं. तेव्हापासून रोज पाच मिनिटं आवाज शून्यावर.

काल तिने आठ बार (तालाचे आठ तुकडे) दोन्ही हातांनी वाजवले. सहाव्यात करंगळी मोडली. मी ओठ घट्ट मिटून बसलो. तिने थांबून बोट सरळ केलं, माझ्याकडे रागाने पाहिलं आणि सहाव्यापासून पुढे निघाली.