पंप वेळेवर घेऊनही दम लागायचाच, मग काय काय केलं

औषधांत काही कमी नव्हतं. दोन्ही पंप (इन्हेलर) वेळेवर, स्पेसर म्हणजे औषध नीट आत जायला पंपाला लावायची नळी, तीही लावून, स्टिरॉइडवाला घेतला की चूळ भरायची तेही पाळत होते, आणि तरी आंघोळ करून अंग पुसेपर्यंत धाप लागायची. सीओपीडी आहे मला, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. छातीच्या डॉक्टरांनी परत स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) केली, हिमोग्लोबिन बघितलं, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला, कारण हार्टमुळे किंवा रक्त कमी असलं तरी दम लागतोच ना. ते सगळं ठीक निघाल्यावर सरळ म्हणाले की फुप्फुसाचं झालेलं नुकसान भरून येणार नाही, पण दम कमी करता येईल, पल्मनरी रिहॅबला जा, म्हणजे फुप्फुसाच्या पेशंटना व्यायाम आणि श्वासाची तंत्रं शिकवतात तिथे. मला रागच आला. इथे चार पावलं टाकवत नाहीत आणि हे व्यायामाला पाठवतायत!

गेले तरी. फिजिओ मॅडमनी आधी माझा ऑक्सिमीटरचा नाद सोडवला. धाप लागली की बोटाला लावायचे, 95 दिसायचं, म्हणजे ऑक्सिजन ठीकच, मग आणखीच घाबरायचे की मग हे होतंय तरी काय. त्या म्हणाल्या, दम आणि ऑक्सिजन नेहमी जोडीने जात नाहीत. आपल्या आजारात श्वासनळ्या अरुंद झालेल्या, आतली हवा पूर्ण बाहेर पडतच नाही, घाईघाईने श्वास घेतला की आणखी अडकते, मग गच्च भरलेल्या पिशवीत अजून कोंबल्यासारखं होतं. म्हणजे लक्ष द्यायचं ते श्वास सोडण्याकडे. ऑक्सिजन मशीनचं पण विचारलं मी, तर बसल्या जागी सॅच्युरेशन (ऑक्सिमीटरवरचा आकडा) 88 किंवा खाली राहत असेल तर एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) करून डॉक्टर ठरवतात, आपल्या मनाने लावायचं नाही, काहींच्या रक्तात त्याने कार्बन डायऑक्साइड वाढतो.

मग शिकवलं ते असं, नाकाने दोन आकडे मोजत श्वास आत, आणि शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून चार आकडे मोजत बाहेर, जोर न लावता. आणि जोराचं काम श्वास सोडताना करायचं. खुर्चीतून उठताना, बादली उचलताना, जिन्याची पायरी चढताना फूऽऽ. मी आधी नेमकं उलटं, श्वास रोखून उठायचे. धाप लागलीच तर बसून पुढे वाकायचं, कोपरं मांड्यांवर, खांदे सैल. आणि छोटा हातातला पंखा! वीतभर अंतरावर धरून गालांवर, नाकावर वारा घ्यायचा. मला वाटलं हे काय पोरखेळ, पण चेहऱ्याला गार वारा लागला की दम कमी जाणवतो, आता तो पर्समध्येच असतो.

व्यायाम मात्र खरंच कंटाळवाणा. असे प्रोग्राम साधारण 6 ते 12 आठवडे चालतात, सुरुवातीला आणि शेवटी सहा मिनिटं चालायला लावून अंतर मोजतात. दम 0 ते 10 मध्ये किती ते सांगायचं आणि 3-4 च्या आसपास ठेवून चालायचं, म्हणजे दम लागलाच पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. दमाच्या भीतीने आपण बसून राहतो, पायांची ताकद जाते, मग तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो, असं ते चक्र. फुप्फुसाचा रिपोर्ट माझा होता तिथेच आहे, पण जिना आता मध्ये एकदा थांबून चढते.

आंघोळीला स्टूल घेतलं, आणि अंग पुसत बसण्यापेक्षा टॉवेलच्या कापडाचा गाऊन घालून बसून राहायचं, आपोआप कोरडं होतं. ही युक्ती कुठल्याही औषधाइतकी उपयोगी पडली मला.

नेहमीपेक्षा जास्त दम, बेडक्याचा रंग बदलला, तर डॉक्टरांना लगेच फोन. ओठ निळसर, छातीत दुखणं, गुंगी किंवा एक वाक्य पण पुरं बोलता येत नाही, तर पंखा-बिंखा करत न बसता थेट हॉस्पिटल. घरच्यांना पण हे सांगून ठेवलंय, आणि एरवी धाप लागली की "काय होतंय, काय होतंय" विचारत बसू नका म्हटलंय, उत्तर द्यायलाच श्वास लागतो. अंगठा वर केला की ठीक आहे, हात हलवला की मदत पाहिजे, एवढंच ठरवलंय.